तिसरा संगम

आई, म्हणजे सासूबाई, ऑस्ट्रेलियाला लेकीकडे राहायला जाणार, ही बातमी विभावरीला कळली ती वल्लरीकडून, आणि तीसुद्धा जर्मनमध्ये.

"माम्मा, आजी त्सीट त्सुअर आत्या," टोस्टला लोणी फासता फासता वल्लरी म्हणाली. "नाख एचुका."

विभावरी बोटीवर न्यायच्या दशम्या लाटत होती. लाटणं जागच्या जागी थांबलं. वल्लरीला मराठी सगळं समजायचं, पण सोळा वर्षं बॉनमध्ये वाढलेली ती पोर उत्तर द्यायची जर्मनमधूनच, आणि तिचा शब्द कधी चुकायचा नाही. फिरायला जाण्यासाठी वेगळा शब्द आहे. हा बिऱ्हाड हलवायचा.

"तुला कुणी सांगितलं?"

"आजीने." मग तिने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि टोस्ट खाली ठेवला. "दू वुस्टेस्ट दास निष्ट?"

नाही, विभावरीला माहीत नव्हतं. सासूबाईंना सकाळच्या चहात आलं चालत नाही पण दुपारच्या चहात लागतंच, हे तिला माहीत होतं. त्यांचा कुठला गुडघा पायऱ्या चढताना दुखतो आणि कुठला उतरताना, हे माहीत होतं. झोपेत त्या कै. भास्कररावांशी कशावरून हुज्जत घालतात, तेसुद्धा माहीत होतं. आणि एवढी मोठी गोष्ट मात्र तिला टोस्टबरोबर कळत होती.

बाथरूममधून नवऱ्याचा, सत्यजितचा आवाज आला, "आल्झो, नऊची गाडी आहे हं! शनिवार-रविवारच्या त्या वोखनएंडे तिकिटावर पाचही जणांनी एकत्र असायला लागतं!" त्याला काहीच ठाऊक नव्हतं, हे त्या आवाजावरूनच कळत होतं. विभावरीने पुन्हा लाटणं हातात घेतलं. लाटलेली दशमी नकाशासारखी वेडीवाकडी झाली होती.

सत्यजितची बहीण सुनेत्रा येऊन आठवडा झाला होता. आईंची पंचाहत्तरी गेल्या रविवारी थाटात झाली. मराठी मंडळातली माणसं आली, आईंना दिव्यांनी ओवाळलं, त्यांच्यातल्या शुभाने पुरणपोळ्या केल्या, आईंनी नवी इरकल नेसून सगळ्यांना आपल्या शाळेतल्या गमती सांगितल्या. कऱ्हाडच्या मुलींच्या शाळेत त्यांनी सगळी नोकरी इतिहास शिकवण्यात घालवली होती, आणि अजूनही चार माणसं समोर बसली की त्यांचा आवाज वर्गातला व्हायचा. त्या दिवशी सत्यजित आणि सुनेत्रा आईच्या दोन बाजूंना उभे राहून फोटोत हसले होते. पाहणाऱ्याला वाटावं, काय हे भावंडांचं प्रेम!

खरी गोष्ट वेगळी होती. सुनेत्रा सत्यजितपेक्षा मोठी. शिकायला म्हणून मेलबर्नला गेली ती तिकडचीच झाली. मरे नदीवरच्या एचुका नावाच्या जुन्या बंदराच्या गावात, लाकडी बोटी दुरुस्त करणाऱ्या ग्रॅहमशी लग्न करून राहिली. आप्पांनी म्हणजे भास्कररावांनी शेवटपर्यंत त्या जावयाचं नाव तोंडातून काढलं नाही, आणि आप्पांचं मौन सत्यजितने जसंच्या तसं उचललं. आप्पा गेल्यावर सुनेत्रा आली, तेराव्यापर्यंत राहिली, भावाशी जरुरीपुरतं बोलली आणि परत गेली. आईंना सत्यजितने सतराशे साठ खेटे घालून कागदपत्रं जमवून जर्मनीत आणलं. गेल्या साली ग्रॅहम ध्यानीमनी नसताना हृदयाच्या झटक्याने गेला, तेव्हा सत्यजितने फोन केला होता. "काही लागलं तर सांग," तो म्हणाला होता. "काही लागत नाही," सुनेत्राने सांगितलं होतं. दोघांनीही फोन ठेवला होता.

हे सगळं विभावरीने कडेला उभं राहून पाहिलं होतं. तिला कधीच कुणी विचारलं नव्हतं, की तुला काय वाटतं.

*

कोब्लेंत्सला ऊन पडलं होतं. ऱ्हाइनला मोझेल येऊन मिळते त्या टोकापासून चार पावलांवर बोटीचा धक्का होता. आईंनी काठी टेकून दोन्ही पाण्यांचे वेगवेगळे रंग पाहिले.

"रोमन लोकांनी या गावाला नाव दिलं तेच मुळी संगम म्हणून," त्या म्हणाल्या. "कोब्लेंत्स हे त्याचंच पुढे झालं. आणि एचुकाचा अर्थ काय सांगितला होतास गं सुनेत्रा?"

"पाण्यांची भेट."

"म्हणजे बघ. कऱ्हाडला कृष्णा-कोयना, इथे ही दोघं आणि तुझ्याकडे आणखी एक. माझ्या नशिबात संगमच दिसतात."

विभावरीने चटकन सत्यजितकडे पाहिलं. त्याच्या ते लक्षात आलं नव्हतं. तो तिकिटं मोजून बघत होता.

बोट जुनी होती, दोन्ही अंगांना मोठी चाकं असलेली. वाफेवर चालणारी, काळ्या उंच धुरांड्याची. सुनेत्रा फळीवरून आत पाऊल टाकताना थबकली. तिने चाकाच्या लाकडी आवरणावर तळहात ठेवला. एखाद्या म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा, सवयीने.

"ही त्याला दाखवायची होती," ती म्हणाली. कुणाला, ते कुणी विचारलं नाही. मागून माणसं येत होती म्हणून ती पुढे झाली.

वरच्या डेकवर त्यांना छान गोल टेबल मिळालं. बोटीने भोंगा दिला, चाकं धपधप पाणी कापू लागली, आणि काठावरच्या द्राक्षांच्या उतरणी हळूहळू मागे सरकू लागल्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासमधला चहा निघाला. वल्लरीने आत्याच्या पिशवीतला फोटोंचा अल्बम काढून टेबलावर ठेवला.

"त्साइग माल," ती म्हणाली. दाखव ना.

सुनेत्राला एवढं पुरे होतं. एचुकाच्या जुन्या बंदरात ती पर्यटकांना माहिती सांगायचं काम करायची, हौसेने, बिनपगारी. तिने अल्बम उघडला आणि तिच्या आवाजाला एकदम ताल आला.

"हा आमचा धक्का. रेड गम म्हणून झाड असतं, आपल्या सागापेक्षा जड, त्याच्या लाकडाचा. १८६५ च्या सुमाराला बांधायला घेतला. बघ किती उंच आहे, आणि मजले आहेत त्याला. का, सांग बघू, वल्लरी?"

वल्लरीने खांदे उडवले.

"कारण नदीचा भरवसा नाही. पावसाळ्यात पाणी इथवर, आणि उन्हाळ्यात पार तिथे खाली. पाणी जिथे असेल त्या मजल्यावर बोट लावायची. शेकडो मैलांवरच्या मेंढ्यांच्या वाड्यांवरून लोकरीचे गठ्ठे भरून बोटी यायच्या. वर क्रेन, क्रेनच्या मागे थेट रेल्वेचे रूळ. गठ्ठा बोटीतून उचलला की मेलबर्नच्या गाडीत. समुद्रापासून इतकं लांब, आणि देशातल्या मोठ्या बंदरांत आमची गणना."

"नाव तेवढं बदलून घ्या हो त्या नदीचं," आई म्हणाल्या. "मरे काय मरे!"

"यंदा नाव खरं करायच्या बेतात आहे ती. दुष्काळ आहे. धक्क्याचे खालचे खांब उघडे पडलेत, एरवी कधी दिसत नाहीत ते."

मग पुढच्या पानावर कस्टम हाउस आलं. नदीच्या या काठाला एक वसाहत, त्या काठाला दुसरी, दोन्ही इंग्रजांच्याच. पण मध्ये नदी ओलांडली की मालावर कर भरायचा. आईंना कोयनेच्या पुलाजवळचा जकात नाका आठवला आणि तिथे रांगेत उभे असलेले गुळाचे ट्रक. मग दारूची दुकानं आली. बंदराच्या भरभराटीच्या दिवसांत म्हणे दर चार घरांमागे एक असायचं. त्यातल्या एकाचा परवाना गेला, तर मालकाने तळघरात दुकान चालू ठेवलं, आणि पोलीस आले की गिऱ्हाइकांना पळायला भुयार खणून ठेवलं.

"अजून आहे?" सत्यजितने विचारलं. मघापासून तो नदीकडे तोंड करून बसला होता.

"आहे तर. वाकून जावं लागतं."

तो हसला. बहिणीच्या बोलण्यावर, मनापासून. विभावरीला ते बरंही वाटलं आणि जिवाला लागलंही. हा माणूस आता हसतोय, आणि अजून थोड्या वेळाने याला कळणार आहे.

"आणि गाव वसवलं कुणी?" आईंनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत असावं. त्या विद्यार्थिनीकडून वदवून घेत होत्या.

"शिक्षा भोगायला आणलेला एक इंग्रज कैदी. सुटला, आणि नदीवर तराफा चालवायला लागला. कुणी पैशांवरून घासाघीस केली की म्हणे तो तराफा दुरुस्तीला काढायचा. माणसं मेंढ्या घेऊन काठावर ताटकळत बसायची, आणि बसायला हॉटेल त्याचंच."

"ते झालं. पण पाण्यांची भेट हा शब्द काही त्या कैद्याचा नव्हे. ज्यांचा शब्द होता, त्यांचं काय झालं?"

सुनेत्राने मान डोलावली. "हे तू विचारणार ते मला माहीत होतं. त्यांची जमीन गेली, आई. माणसंही फार गेली. उरलेल्यांना नदीपासून हलवून दुसरीकडे ठेवलं. त्यांची नातवंडं-पतवंडं आहेत गावात. मी फेरीची सुरुवात तिथूनच करते. आधी ते, मग लोकर. काही पर्यटकांना आवडत नाही."

"न आवडेना," आई म्हणाल्या, आणि त्यांनी अल्बमचं पान स्वतःच उलटलं.

विभावरी त्या पानांकडे बघत होती. धक्का, बोट, गोदाम, पूल, पुन्हा धक्का. प्रत्येक फोटो नेटका, उन्हाचा अंदाज घेऊन काढलेला. आणि एकाही फोटोत चुलीजवळचं, अंगणातलं, दारातलं असं काही नाही. तिच्या मनात सकाळपासून जे घुसमटत होतं ते तोंडातून बाहेर पडलं. मुद्दाम बोलली की चुकून, हे तिचं तिलाही नंतर सांगता आलं नसतं.

"गाव छानच आहे, ताई. पण आई राहणार कुठे, ते दाखवा ना. घराचा नाही का एखादा फोटो?"

सत्यजितने खुर्ची टेबलाकडे वळवली.

"राहणार?" सत्यजित म्हणाला. "कोण राहणार?"

*

"ठरलेलं नाही काही," सुनेत्रा घाईने म्हणाली. "मी विचारलं. आई विचार करते म्हणाली."

"मी हो म्हणाले," आई म्हणाल्या.

सत्यजितने हातातला चहाचा कप खाली ठेवला. तो रागावला की आवाज चढवायचा नाही, मुद्दे मांडायचा. टेलिकॉम कंपनीतल्या मीटिंगमध्ये मांडावेत तसे.

"ठीक आहे. आईचा आउफएनथाल्ट, इथे राहायचा परवाना, कसा मिळालाय ते माझं मला माहीत. सहा महिन्यांच्या वर देशाबाहेर राहिली, की तो संपला. मग परत यायचं म्हटलं तरी येता येणार नाही. दुसरं, तिच्या छातीत पेसमेकर आहे, तिचा डॉक्टर इथे आहे, विमा इथे आहे. तिसरं, तो प्रवास. मला सुद्धा झेपत नाही."

"तू कधी केलास?" सुनेत्राने विचारलं.

ते बाणासारखं लागलं. सत्यजितच्या कपाळावरची शीर उठली. "सात वर्षं मी सांभाळलंय तिला. सात वर्षं. आणि तू आठ दिवसांसाठी येणार, चार फोटो दाखवणार आणि तिला उचलून नेणार?"

"आपण म्हण निदान," विभावरी म्हणाली.

"काय?"

"मी सांभाळलंय म्हणालास. आपण म्हण."

"गेनाऊ," वल्लरी पुटपुटली. अगदी बरोबर.

"विभानेच सांभाळलंय, मला माहीत आहे," सुनेत्रा म्हणाली. "आई फोनवर तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचं बोलत नाही, विभा."

विभावरीला वाटलं होतं आपल्याला हे ऐकायला आवडेल. पण तिला त्याचा उलट रागच आला. "ताई, तुम्ही आत्ता माझी बाजू घेऊ नका. माझ्या मागे माझ्या घरातून माझ्या सासूबाईंना न्यायचं ठरवता आणि वर माझं कौतुक करता. मंडळातल्या बायका काय म्हणणार आहेत, कल्पना आहे? सुनेने पंचाहत्तरी केली आणि पुढच्या महिन्यात सासू लेकीकडे गेली."

"लोकांचं काय घेऊन बसलीस," सत्यजित म्हणाला.

"लोकांचं नाही रे!" विभावरी म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. शेजारच्या टेबलावरच्या जोडप्याने मान वळवून पाहिलं आणि सभ्यपणे पुन्हा काठावरच्या किल्ल्याकडे बघायला सुरुवात केली.

आई उठल्या. त्यांनी एका हाताने काठी घेतली, दुसऱ्याने वल्लरीचा दंड.

"मी काय तुळशीची कुंडी आहे, आज या गॅलरीत, उद्या त्या?" त्या म्हणाल्या. "चल गं वल्लरी. खाली इंजिन आहे म्हणतात काचेमागे. मला ते बघायचंय. तोवर या तिघांचं होऊ दे."

त्या दोघी जिन्याकडे गेल्या. आजी एकेक पायरी उतरताना मराठीत काहीतरी सांगत होती, नात जर्मनमध्ये "लांगझाम, आजी, लांगझाम", म्हणजे सावकाश, म्हणत होती, आणि दोघींचं उत्तम चाललं होतं.

वर तिघंच उरली. नदीचं वळण आलं, वाऱ्याने अल्बमची पानं फडफडली. विभावरीने पानांवर हात ठेवला. राग ओसरत होता आणि त्याच्याखाली मघाचाच प्रश्न तसाच शिल्लक होता.

"ताई," ती हळू म्हणाली, "खरंच एकही फोटो नाही का घराचा?"

सुनेत्राने नकारार्थी मान हलवली. मग म्हणाली, "घराचा फोटो काढायला घरात थांबावं लागतं."

"म्हणजे?"

"मी सकाळी उठते आणि धक्क्यावर जाते. रोज. माझी पाळी असो-नसो. संध्याकाळी दारं लावेपर्यंत तिथेच असते. यंदा दुष्काळामुळे माणसं फारशी येत नाहीत. कुणी नसलं तर मी एकटीच फेरी मारते, सगळी माहिती सांगत. मोठ्याने. एकदा त्या क्रेनवाल्या म्हाताऱ्याने ऐकलं, तो बिचारा टोपी काढून माझ्यामागून चालत आला सगळी फेरी, जणू काही तिकीट काढून आलाय." ती हसायला गेली. "ग्रॅहमची एक बोट मागच्या अंगणात अर्धी राहिलीय. खोलीच्या खिडकीतून दिसते. म्हणून मी घरी..." तिने वाक्य सोडून दिलं.

सत्यजित तिच्याकडे बघत होता. इतका वेळ तो बाजूला बघत बोलला होता. आता सरळ बघत होता.

"मी विचारलं होतं तुला. काही लागलं तर सांग म्हणून."

"हो. तू विचारलंस आणि मी नाही म्हटलं. तुला हायसं वाटलं आणि मलाही." सुनेत्राने नाक पुसलं. "आपण दोघंही शेवटी आप्पांचीच."

विभावरीने थर्मास उचलून तिघांच्या कपांत उरलेला चहा सारखा वाटला. मग ती उठली. या दोघांमध्ये आत्ता तिसरं माणूस नको, एवढं तिला कळत होतं.

*

खाली इंजिनाच्या जागेला काचेची भिंत होती. पलीकडे तेलाने चमकणारे, माणसाच्या मांडीएवढे जाड दांडे शिस्तीत पुढे-मागे होत होते. ऊबदार, तेलकट वास येत होता. आई बाकावर बसल्या होत्या. वल्लरी पलीकडे एका खलाशाला बोलतं करून आजीचे प्रश्न विचारत होती.

विभावरी बाकावर टेकली.

"वल्लरीला सांगितलंत," ती म्हणाली. "मला नाही."

"वल्लरीला सांगितलं की तुला कळणार, हे मला ठाऊक होतं."

"मग मलाच का नाही?"

आईंनी काठीची मूठ दोन्ही हातांनी धरली. "धीर झाला नाही. वर्गात साठ पोरींसमोर बोलले मी जन्मभर. पण तुझ्यासमोर हे बोलायला तोंड उघडेना."

दांडे हलत होते.

"सुनेत्राला वाटतं, ती मला गाव दाखवायला नेतेय," आई म्हणाल्या. "वाटू दे. दर रविवारी फोनवर तिच्याकडून ऐकून ऐकून मला तो धक्का पाठ झालाय. त्या तळघरातल्या दारूच्या दुकानाला पायऱ्या कुठल्या बाजूने आहेत तेही सांगेन. मला गावाचं काही नाही गं. ती फोनवर तास-तास त्या गावाचं बोलते आणि स्वतःचं अवाक्षर काढत नाही. ग्रॅहम होता तेव्हा निम्मा वेळ त्याच्या तक्रारी असायच्या. चिखलाचे बूट घेऊन घरात येतो, मीठ जास्त खातो. आता नुसती लोकर आणि बोटी." त्यांनी सुनेकडे पाहिलं. "तुझ्याकडे मी सुखात आहे. सुखात असलेल्या माणसाने उठून जाऊ नये का कुठे?"

"जावं," विभावरी म्हणाली. डोळे भरून आले होते म्हणून ती इंजिनाकडे बघत राहिली. "मी अडवणारी कोण?"

"तूच. सत्यजित रागावला तर रागावू दे. तो माझा मुलगा आहे, चार दिवस फुगेल आणि फोन करेल. पण तू मनातून दुखावलीस, तर मला परत यायला घर राहणार नाही." आईंचा आवाज वर्गातला नव्हता आता. "ते घर त्याच्या नावावर असेल. माझं ते तुझ्यामुळे आहे. म्हणून तू हो म्हणालीस तरच मी जाईन. नाही म्हणालीस तर इथेच राहीन, आणि तोंडही पाडणार नाही."

"असं माझ्यावर टाकू नका ना, आई."

"टाकत नाही. विचारतेय. या घरात तुला कधी कुणी विचारलं नाही, हे काय मी बघितलं नाही?"

विभावरीने पदर नव्हता म्हणून ओढणीने डोळे पुसले. बोटीने भोंगा दिला, बोपार्ड, उतरायचं गाव, जवळ आलं होतं. वल्लरी लांबून हात हलवून काहीतरी दाखवत होती.

"तिकडे सप्टेंबरात काय असतं?" विभावरीने विचारलं. "थंडी?"

"वसंत सुरू होतो म्हणे."

"तरी स्वेटर लागेल. आणि गुडघ्याचा पट्टा नवा घ्यायचा, हा सैल झालाय. डॉक्टरांची अपॉइंटमेंट मी सोमवारी घेते. ते हो म्हणाले तरच." तिने एक श्वास घेतला. "आणि सहा महिन्यांच्या आत परत. एक दिवस जास्त झाला तर मी तिथे येऊन उभी राहीन."

"ये की," आई म्हणाल्या. "सुनेत्रा तुला भुयारातून फिरवेल."

मग त्या सुनेच्या खांद्याला धरून उठल्या, आणि उठल्यावरही त्यांनी हात काढला नाही.

*

बोपार्डच्या काठावर चेस्टनटच्या सावलीत बाक होते. उतरल्यावर विभावरी आईंना धरून सावकाश चालत आली, तेव्हा सत्यजित आणि सुनेत्रा आधीच एका बाकावर बसले होते. दोघांमध्ये उरलेल्या दशम्यांचा डबा उघडा होता. दोघांनाही कडेला जरा करपलेली दशमीच आवडते, हे विभावरीला इतक्या वर्षांत आज पहिल्यांदाच दिसलं. ती त्यांनी मधोमध मोडून घेतली होती.

"मी हो म्हटलंय," विभावरीने सांगून टाकलं. "सहा महिन्यांसाठी. डॉक्टरने हो म्हटलं तर."

सत्यजितने बायकोकडे पाहिलं, मग आईकडे. विभावरी वादाच्या तयारीत उभी होती. तो मात्र हातावरचे तिळाचे दाणे झटकत बसला.

"एकटी नाही पाठवायची," तो शेवटी म्हणाला. "मी सोडायला जातो. उर्लाउबची रजा शिल्लक आहे माझी." मग बहिणीकडे न बघता, "ताई, ती भुयारातून पळणारी माणसं... त्यातलं कुणी कधी सापडायचं का गं?"

"दुसऱ्या टोकाला पोलीस उभा असला तर," सुनेत्रा म्हणाली. "तोही बहुतेक गिऱ्हाईकच असायचा."

आई बाकावर बसल्या. त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "मला नाही ठेवलीत एकही?"

*

सप्टेंबर संपता संपता सत्यजित आईंना घेऊन गेला. विभावरीने फ्रँकफुर्टच्या विमानतळावर हसून निरोप दिला आणि परतीच्या गाडीत वल्लरीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. थोड्या वेळाने वल्लरी मराठीत म्हणाली, "मी आहे ना," आणि लगेच खिडकीबाहेर बघायला लागली.

चौथ्या दिवशी सकाळी विभावरी वल्लरीचा डबा भरत असताना फोन वाजला.

"आई! कशा आहात? पोचल्यावर दोन मिनिटंच बोललात. पाय सुजले नाहीत ना?"

"हळू बोल," आई म्हणाल्या. त्या स्वतः इतक्या हळू बोलत होत्या की विभावरीला फोन कानावर दाबावा लागला. "इथे भर दुपार आहे. सुनेत्रा झोपलीय."

"बरं नाही का त्यांना?"

"चांगली आहे. जेवली, वरण-भात दोनदा घेतला, आणि सोफ्यावर जरा आडवी होते म्हणाली ती झोपली. धक्क्यावर आज दुसरं कुणीतरी गेलंय तिच्याऐवजी. सत्यजित मागच्या अंगणात त्या बोटीभोवती फिरतोय. काय करतोय देव जाणे, पण खिळे वेगळे करून डब्यात ठेवतोय."

विभावरी ओट्याला टेकून उभी राहिली. "आणि धक्का? बघितलात का तुम्ही? कस्टम हाउस, बोटी, ते सगळं?"

"अजून कुठलं. घराच्या बाहेर पडले नाही मी."

"अहो आई, चार दिवस झाले!"

"असू दे. दीडशे वर्षं होत आली, तो आहे तिथेच उभा आहे. पळून जात नाही. आधी ही झोपू दे नीट."

"बरं," विभावरी म्हणाली, आणि अर्ध्या जगाच्या अलीकडे, आपल्या स्वयंपाकघरात, तिनेही आपला आवाज खाली आणला. वल्लरी काहीतरी विचारायला आत आली, तेव्हा तिने ओठांवर बोट ठेवून पोरीला गप्प केलं.

"जेवणात मीठ कमी घालता ना?" तिने कुजबुजत विचारलं.